प्रतिध्वनी आणि चिखल
राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील समुद्रतळाच्या ध्वनिअभ्यासाचा वृत्तान्त

कोकणच्या किनाऱ्यावर जुनी माणसे पाण्याची खोली वावांत सांगतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. दोरीच्या टोकाला जड वजन बांधून ते पाण्यात सोडायचे. तळाला टेकले की दोरी ढिली पडते, मग वाव मोजत ती वर ओढायची. दर्यावर्दी लोक शिशाच्या या वजनाच्या बुडाला खोबण ठेवत आणि तिच्यात चरबी भरत. वजन वर आले की चरबीला काय चिकटले ते पाहायचे. काळा चिखल, वाळू, शिंपल्यांचा चुरा. काहीच चिकटले नाही आणि चरबीवर ओरखडे दिसले, तर खाली खडक आहे असे समजायचे. पाणी किती आणि तळ कसला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच दोरीने मिळत.

विसाव्या शतकात इको-साउंडर आला. जहाजाच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली नाद सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो या हिशेबाने खोली निघते. दोरीने तासभर चालणारे काम काही सेकंदांवर आले. पण चरबीला चिकटून येणारा चिखल येईनासा झाला. खोली कळे, तळ कसला ते कळेना. आपल्या संस्थेतल्या काही माणसांनी वर्षानुवर्षे जे काम केले ते हेच, की दोरीबरोबर तुटलेली ही दोन उत्तरे पुन्हा एकत्र आणायची आणि परत आलेल्या नादावरून तळाचा गाळ ओळखायचा. १ जानेवारी २०२६ रोजी संस्थेला साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने या शाखेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले याचा मला आनंद आहे. माझी उमेदीची वर्षे गाळ धुण्यात आणि चाळण्यात गेली. माझ्या चाळणीतल्या आकड्यांचे पुढे काय होते, हे ध्वनीच्या अभ्यासकांमुळे मला कळले.

सुरुवातीची वर्षे

१९५० च्या दशकापर्यंत हिंदी महासागराचा अभ्यास फारच थोडा झाला होता. ती उणीव भरून काढण्यासाठी १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. भारताकडून नौदलाचे आयएनएस किस्तना तीत उतरले. मोहीम संपत आली तेव्हा जमलेल्या नोंदी, नमुने आणि तयार झालेली माणसे यांना कायमचे घर हवे होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन केली. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक झाले. मुख्यालय पुढे गोव्यात आले आणि दोना पावलाच्या पठारावर स्थिरावले. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला झुआरी आणि समोर अरबी समुद्र, अशी ती जागा.

पहिल्या दहा वर्षांत संस्थेजवळ खोल समुद्रात जाणारे स्वतःचे जहाज नव्हते. नौदलाच्या आयएनएस दर्शक या सर्वेक्षण जहाजावर आपले भूशास्त्रज्ञ जात. त्या काळचे इको-साउंडर कागदावर नोंद करीत. सुईच्या ठिणगीने कागद जळून रेघ उमटे आणि केबिनमध्ये जळक्या कागदाचा वास भरून राही. खोलीचे आकडे त्या रेघेवरून काढायचे हे ठरलेले काम. पण रेघ पाहून पाहून माणसांच्या दुसरी गोष्ट लक्षात येऊ लागली. मऊ चिखलावरून जाताना रेघ फिकी पडे आणि तिच्याखाली आणखी एकदोन रेघा दिसत, कारण नाद चिखलात शिरून खालच्या थरांवरूनही परतत असे. वाळूवर आले की रेघ जाड आणि काळीभोर होई, तिच्याखाली काही दिसत नसे. ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात धरून आणणारे उपकरण, टाकून वर काढलेला नमुना बहुधा त्या रेघेशी जुळत असे. हे वर्गीकरण डोळ्यांनी केलेले होते, त्यात गणित नव्हते. पण आपल्याकडे या विषयाची सुरुवात इथे झाली असे मी मानतो.

अशा रेघा आणि नमुने मिळून पश्चिम किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्राचे चित्र उभे राहिले. किनाऱ्यापासून साधारण ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेला बारीक, काळपट-हिरवट चिखल. त्यापलीकडे एकाएकी चुनखडीची जाड वाळू, शंखशिंपल्यांचे तुकडे, प्रवाळांचे अवशेष. ही वाळू आजच्या समुद्राने टाकलेली नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी खाली होती तेव्हाचा तो किनारा आहे. मुंबईसमोरच्या अशाच एका सपाट भागाला दर्यावर्दी नकाशांत पन्नास वाव पठार असेच नाव आहे. आर. आर. नायर आणि एच. एन. सिद्दीकी यांच्या पिढीने हा सारा भाग हातात घेऊन पाहिला. चिखल आणि वाळू यांच्यामधली ही सीमा आम्हाला पुढे फार उपयोगी पडली. एकाच जहाजाने एका दिवसात मऊ चिखलावरून खडबडीत वाळूवर जाता येते, म्हणजे ध्वनीचे कोणतेही मॉडेल तपासायला निसर्गानेच मांडून ठेवलेली कसोटी.

१९७४ च्या फेब्रुवारीत बॉम्बे हायला तेल लागले आणि समुद्रतळाचा अभ्यास एकदम निकडीचा झाला. नळ टाकायचा तर तळ सपाट आहे का, चिखलात वायू साठला आहे का, नळ खचेल का, हे आधी सांगावे लागते. संस्थेने तेलवाहिन्यांच्या मार्गांची सर्वेक्षणे केली. साइड-स्कॅन सोनार मागे ओढत न्यायचे, जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या तळाची ध्वनिचित्रे घ्यायची, ठरावीक अंतरावर नमुने काढायचे. त्याच सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोर, मिऱ्या आणि काळबादेवीच्या खाडीमुखांशी, इल्मेनाइटच्या काळ्या वाळूचा शोध घेतला गेला. किनाऱ्यावर दिसणारी ती जड वाळू पाण्याखाली किती दूर जाते, हे पाहण्यासाठी तिथेही ध्वनी आणि नमुने बरोबरच चालले.

डॉ. सिद्दीकी यांचे नाव इथे जरा थांबून घ्यायला हवे. त्यांना १९७८ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे ते संस्थेचे संचालक झाले आणि पदावर असतानाच १९८६ मध्ये गेले. त्यांच्या शिस्तीत एक गोष्ट पक्की होती. ध्वनीची नोंद आणि गाळाचा नमुना एकाच जागेचे असले पाहिजेत, आणि दोन्हींवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश एकाच हाताने लिहिलेले असले पाहिजेत. त्या वेळी ही काटेकोरपणाची हौस वाटे. पुढे वीस वर्षांनी गणिती मॉडेले तपासायची वेळ आली तेव्हा त्या नोंदींची किंमत कळली.

गवेषणी, सागर कन्या आणि तळावरचे गोळे

१९७६ मध्ये गवेषणी ही नौका संस्थेच्या सेवेत आली. गाळ वाहून नेण्यासाठी बांधलेल्या बार्जमध्ये फेरफार करून तिचे संशोधन जहाज केले होते. दिसायला ती देखणी नव्हती, वेगही बेताचा, पण ती आपली होती. २६ जानेवारी १९८१ रोजी, प्रजासत्ताक दिनी, याच जहाजाने समुद्रतळावरचे पहिले बहुधात्विक गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले, बटाट्यासारखे दिसणारे हे काळे गोळे लाखो वर्षांत थराथराने वाढतात. त्यांच्या शोधामुळे १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारताला मध्य हिंदी महासागर खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. नोंदणी झालेला जगातला पहिला अग्रणी गुंतवणूकदार भारत ठरला.

पण दीड लाख चौरस किलोमीटर म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे क्षेत्र, आणि तेही पाच किलोमीटर पाण्याखाली. तिथे गोळे किती दाट आहेत हे मोजायचे कसे? मुक्तपाती ग्रॅब वापरत. तो दोरीशिवाय पाण्यात सोडायचा. तो आपला आपण खाली जातो, तळाला टेकताच जबडा मिटतो, वजने खाली टाकून तो पुन्हा वर तरंगतो, आणि काही तासांनी लाटांमध्ये त्याचा झेंडा नाहीतर दिवा शोधायचा. एका ग्रॅबमध्ये जेमतेम पाटाएवढ्या जागेचे गोळे येतात. अशा किती जागा तपासणार? नकाशावर ठिपके पडत गेले, पण ठिपक्यांमधली रिकामी जागा ध्वनीनेच भरावी लागणार होती.

१९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली सागर कन्या दाखल झाली होती. १९९० च्या सुमारास तिच्यावर हायड्रोस्वीप हे मल्टिबीम यंत्र बसले. साधा इको-साउंडर जहाजाच्या थेट खालची एकच खोली मोजतो. हायड्रोस्वीप १५.५ किलोहर्ट्झचा नाद सोडून ९० अंशांच्या पंख्यात ५९ किरणांनी खोल्या मोजत असे. पाच किलोमीटर खोलीवर या पंख्याची रुंदी दहा किलोमीटर भरते. जहाज एकदा गेले की दहा किलोमीटर रुंद पट्टा नकाशावर उतरे. नाद खाली जाऊन परत यायला जवळपास सात सेकंद लागत.

यंत्र आणले होते खोली मोजण्यासाठी. खोली कळायला नाद परत केव्हा आला एवढेच पुरते. तो किती जोरात आला, याची फारशी पर्वा कोणाला नव्हती. आपल्याकडच्या ध्वनिअभ्यासकांनी नेमके तेच धरले. तळ कसला आहे ते नादाच्या जोरात आणि आकारात लिहिलेले असते. डॉ. विश्वजीत चक्रवर्ती आणि डॉ. व्ही. एन. कोडागली यांचे काम या वळणावर सुरू झाले.

विखुरणाऱ्या नादाचे गणित

हा भाग मी जरा सविस्तर सांगतो. संस्थेच्या इतिहासात हे गणित बहुधा एका ओळीत उरकले जाते, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

गुळगुळीत भिंतीवर चेंडू तिरका मारला तर तो पलीकडे उडून जातो, मारणाऱ्याकडे येत नाही. तळ आरशासारखा असता तर पंख्याच्या कडेच्या किरणांतला नाद असाच निघून गेला असता. तरीही कडेच्या किरणांना उत्तर मिळते, कारण तळ खडबडीत असतो आणि नाद सगळीकडे विखुरतो. त्यातला थोडा माघारी येतो. त्यालाच शास्त्रात पश्चप्रकीर्णन म्हणतात. खडबडीतपणा किती, हे मात्र ऐकणाऱ्याच्या तरंगलांबीवर ठरते. १५.५ किलोहर्ट्झची तरंगलांबी पाण्यात सुमारे १० सेंटिमीटर. या नादाला वाळूचे कण दिसतच नाहीत, पण मुठीएवढे गोळे दिसतात. २१० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ७ मिलिमीटर. तिला शिंपल्याचा तुकडाही डोंगरासारखा. तिरक्या किरणात तर नाद तळावरच्या उंचसखलपणातला एक ठरावीक भाग निवडून घेतो. साधारण अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने येणाऱ्या वळ्याच तेवढ्या त्याला माघारी पाठवतात, बाकीच्या वळ्यांचा हातभार एकमेकांत विरून जातो.

१९६१ मध्ये मॅकेन्झी यांनी खोल समुद्रातल्या मोजमापांना प्रकाशशास्त्रातला लॅम्बर्टचा नियम लावून पाहिला आणि तळासाठी एकच आकडा सुचवला, उणे २७ डेसिबल. सोपा नियम, म्हणून तो फार वापरला गेला. पण त्याच्या पोटात तळाविषयी काहीच नाही. चिखल आणि वाळू त्याला सारखेच. खरी वाट १९८० च्या दशकात सापडली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डॅरेल जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेले संमिश्र खडबडीतपणाचे मॉडेल तळाकडे दोन नजरांनी पाहते. जवळजवळ सरळ खाली जाणाऱ्या किरणासाठी तळ म्हणजे मोठ्या, सावकाश उतारांचे पृष्ठ. तिरक्या किरणासाठी त्याच उतारांवर बसलेल्या बारीक वळ्या. शिवाय तिसरी गोष्ट म्हणजे गाळाच्या आतून येणारा नाद. मऊ चिखलात पाण्याचेच प्रमाण सत्तर-ऐंशी टक्के असते. त्यात नादाचा वेग पाण्यापेक्षा किंचित कमीच असतो, म्हणून नाद सहज आत शिरतो आणि आतल्या शिंपल्यांवरून, किड्यांच्या बिळांवरून, वायूच्या बुडबुड्यांवरून विखुरतो. वाळूत वेग पाण्याच्या १.१ ते १.२ पट असतो. तिथे बराचसा नाद वरूनच परततो, आणि किरण तळाशी ३० अंशांहून कमी कोन करत असेल तर, तळ गुळगुळीत असल्यास, तो आत जवळजवळ शिरतच नाही.

म्हणजे मॉडेलला काय लागते? गाळाची घनता, त्यातला ध्वनीचा वेग, नाद किती विरतो, पृष्ठावरच्या उंचसखलपणाचे दोन आकडे आणि गाळाच्या पोटातून किती विखुरते याचा एक. सहा आकडे. ते दिले की कोणत्या कोनात किती नाद परत येईल हे मॉडेल सांगते. उलट दिशेने जायचे तर परत आलेल्या नादावरून हे सहा आकडे ओळखायचे, आणि खरी अडचण तिथेच आहे. शिंपल्यांनी भरलेला मऊ चिखल आणि गुळगुळीत वाळू, दोघेही एखाद्या कोनात अगदी सारखेच उत्तर देऊ शकतात. एकाच प्रतिध्वनीला दोनतीन खरी वाटणारी कारणे निघतात. त्यातले कोणते खरे, हे ठरवायला ग्रॅब टाकावाच लागतो.

आणि ग्रॅब नेहमी ऐकतो असे नाही. जबड्यात एक शिंपला अडकला की सगळा चिखल वर येईपर्यंत धुऊन जातो. माझ्या एका सफरीत पहाटेपासून दुपारपर्यंत एकाच जागी चार वेळा ग्रॅब रिकामा आला. पाचव्या वेळी मूठभर गाळ मिळाला, त्यात निम्म्याहून अधिक भाग जड शंखांचा. प्रतिध्वनीच्या नोंदीत त्या जागी जे अनाकलनीय उसळून आले होते, त्याचा उलगडा त्या मूठभर गाळाने झाला. त्या दिवसापासून मी कोणत्याही मॉडेलच्या आलेखाकडे पाहताना आधी विचारतो, नमुना कुठे आहे?

अमेरिकेत हॅमिल्टन यांनी गाळांच्या प्रकारांवरून घनता आणि वेग यांचे कोष्टक तयार केले होते. जगभर ते वापरतात. पण त्यातला मोठा भाग प्रशांत महासागरातल्या नमुन्यांवर बेतलेला आहे. आपल्या पश्चिम उतारावर, जिथे पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, तिथल्या चिखलात सेंद्रिय द्रव्य खूप. किनाऱ्याजवळच्या गाळात मिथेन. परक्या कोष्टकाने आपला तळ ओळखता येईल ही आशा मला कधीच पटली नाही. इथल्या गाळाची घनता, कणांचा आकार, पाण्याचे प्रमाण इथेच मोजावे लागते, आणि ते चाळणी, पिपेट आणि भट्टीने, फार धीराने मोजावे लागते.

२००० ते आज

२००० मध्ये चक्रवर्ती, कोडागली आणि ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेतले सहकारी यांनी हायड्रोस्वीपच्या कोनानुसार बदलत्या प्रतिध्वनीला संमिश्र खडबडीतपणाचा सिद्धान्त लावून दाखवला. खोली मोजायच्या यंत्रातून तळाचा खडबडीतपणा निघू लागला. २००३ मध्ये चक्रवर्ती आणि कोडागली यांनी न्यूरल नेटवर्क वापरून जहाजावरच, सर्वेक्षण चालू असताना, तळाचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत मांडली. फिनलंडच्या तेउवो कोहोनेन यांनी शोधलेल्या स्वयंरचित जाळ्याचा यात उपयोग होता. आधी काही न शिकवता ते जाळे सारख्या प्रतिध्वनींचे गट पाडते, मग नमुन्यांवरून त्या गटांना नावे द्यायची. २००४ मध्ये याच दोघांनी बहुधात्विक गोळ्यांच्या क्षेत्रात प्रतिध्वनीची आणि गोळ्यांची सांगड घातली. गवेषणीच्या काळात पडलेल्या प्रश्नाकडे ध्वनीने वळायला वीस वर्षे लागली. यात कुणाचीच दिरंगाई नव्हती. यंत्र, सिद्धान्त आणि संगणक तिन्ही एकत्र यायला तेवढा वेळ लागतो.

यानंतरचे काम मला जास्त जवळचे, कारण ते आपल्याच दारातले. पश्चिम किनाऱ्यासमोर ३३ आणि २१० किलोहर्ट्झ या दोन वारंवारतांनी एकाच जागेचा प्रतिध्वनी घ्यायचा. २१० किलोहर्ट्झचा नाद तळाच्या वरच्या थरातच संपतो, ३३ चा खोल शिरतो. बंदरांत गाळ उपसणाऱ्यांना हा फरक अनुभवाने ठाऊक असतो. पातळ चिखल साचलेल्या वाहिनीत दोन वारंवारता दोन वेगळ्या खोल्या दाखवतात, आणि कोणती खोली जहाजाच्या कामाची यावर बरेच काही ठरते. आपल्या अभ्यासकांनी खोलीच्या पुढे जाऊन प्रतिध्वनीचा सबंध आकार घेतला. त्याचा चढ कसा, माथा केवढा, शेपूट किती लांब. चढात पृष्ठ बोलते आणि शेपटीत गाळाचे पोट. चंचल डे आणि चक्रवर्ती यांच्या २०११ च्या कामात मॉडेलने काढलेला प्रतिध्वनी आणि समुद्रातून आलेला प्रतिध्वनी एकमेकांवर ठेवून, आकडे थोडेथोडे बदलत, दोन्ही जुळेपर्यंत शोध घेतला आहे. जुळले की कणांचा सरासरी आकार आणि खडबडीतपणा हाती येतो. तो आकार आमच्या चाळणीतल्या आकाराशी ताडून पाहिला जातो.

इथे दोना पावलाच्या एकाच आवाराचा फायदा दिसतो. २००७ च्या एका अभ्यासात ध्वनीचे अभ्यासक, उपकरणांचे अभियंते आणि तळावरच्या जीवांचे अभ्यासक एकत्र आले. त्यात बबन इंगोले यांच्यासारखे तळजीवांचे जाणकार होते. प्रतिध्वनी, गाळ आणि त्या गाळात राहणारे कृमी-शिंपले यांचा मेळ त्यांनी पाहिला. जीव नुसते गाळात राहत नाहीत. ते बिळे खणतात, गाळ वरखाली करतात, ढिगारे करतात, आणि तो खडबडीतपणा ध्वनीला दिसतो. ध्वनिशास्त्राचे मॉडेल वापरणाऱ्याला कृमीची माहिती लागते हे सांगितले तर बाहेरच्या माणसाला नवल वाटते. १९९९ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यासमोर झालेल्या सॅक्स९९ या मोठ्या प्रयोगातही तळाची प्रत्यक्ष मापे किती लागतात हे दिसले होते. पाणबुडे उतरवून वाळूच्या वळ्या मोजल्या, तेव्हा कमी कोनातही नाद वाळूत कसा शिरतो याचे उत्तर त्या वळ्यांत सापडले. वाळूत पुरलेले सुरुंग शोधण्याचा नौदलांचा प्रश्न त्यामुळे सुटण्याच्या वाटेवर आला. तिथेही मॉडेलला हाताने घेतलेल्या मापांनीच वाट दाखवली.

गोव्यासमोरच्या उतारावर ९५ किलोहर्ट्झच्या ईएम-१००२ या मल्टिबीमने तळावरचे खड्डे टिपले. गाळातून वायू निसटून गेल्यावर असे वाटीसारखे खड्डे उरतात. या कामात यंत्राने दिलेली ध्वनिचित्रे जशीच्या तशी वापरता येत नव्हती. सरळ खालच्या किरणात नेहमीच जोर जास्त, कडेला कमी, त्यामुळे चित्राच्या मधोमध खोटा पांढरा पट्टा येई. तो काढण्यासाठी संस्थेतच प्रोबासी ही संगणक प्रणाली लिहिली गेली. वायूभरल्या गाळाचे नकाशे वीरय्या आणि करिसिद्दय्या यांनी आधीच केलेले होते. ते नसते तर खड्ड्यांचा अर्थ लावायला कितीतरी वेळ लागला असता.

पुढे सिंधु संकल्प आणि २०१४ पासून सिंधु साधना या जहाजांनी काम उचलले. यंत्रे बदलली, किरणांची संख्या वाढली, कागद गेला. संगणक आता लाखो प्रतिध्वनी तासाभरात वर्गवारीत बसवतो. शिकवलेल्या यंत्राला मात्र शिकवायला खरा नमुना लागतोच, आणि मागच्या वीस वर्षांतली निम्मी कोडी जुन्या नमुन्यांनीच सोडवली. गाळाचे जे डबे आणि ध्वनीच्या ज्या नोंदवह्या अडगळ समजल्या जात होत्या, त्यांच्यावरच्या अक्षांश-रेखांशांनी.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक विनंती. १९७० आणि १९८० च्या दशकांत आयएनएस दर्शक, गवेषणी आणि सागर कन्या यांच्या सफरींवर गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरी जुन्या स्टेशन-नोंदवह्या, इको-साउंडरच्या कागदाच्या गुंडाळ्या, नमुन्यांच्या याद्या अजून असतील. निवृत्त झालेल्यांच्या, आता हयात नसलेल्यांच्या घरीही असतील. त्या रद्दीत जाऊ देऊ नका. कुटुंबीयांनी त्या दोना पावलाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. एखाद्या पानावर फक्त तारीख, जागा आणि "काळा चिखल, शिंपले थोडे" एवढेच लिहिलेले असले तरी चालेल.